वायपरच्या मोटरी

बोंदो म्हणतो, खिसा हलका असेल तर
मोटरला आधी एकच विचारावं:
तुला कळतं का गं, तू कुठे आहेस ते?

स्टेपरला कळत नाही.
दोनशे पावलं सांगितली की दोनशे चालते,
एक फेरा पुरा.
मध्ये पितळ कठीण लागलं, पाऊल अडलं,
तरी पुढची मोजणी निर्धास्त चालू.
भंगारातल्या प्रिंटरांमधून निघालेल्या तीन होत्या आमच्याकडे,
फुकटच्या.
त्यांना चालवणारी चिप दोन लारीची,
पहिल्याच दुपारी जळाली.
तो वास माझ्या स्वेटरला आठवडाभर.

मिलिंग मशीन कारखान्यातलं.
ट्रक बनत होते तेव्हा बोंदो त्याच्यासमोर उभा असायचा, एकवीस वर्षं.
कारखाना मिटला, पगार थकले,
थकलेल्या पगारापोटी हे धूड घरी आलं,
कुताईसीच्या चढावरून, दोर लावून, नऊ माणसं.
लामारामावशी अजून म्हणते,
माझ्या कोंबड्यांचं घर गेलं त्यात.

शाल्वा भटारीला पावावर उठवायला
पितळेचा शिक्का हवा होता, दुकानाच्या नावाचा.
सहा अक्षरं.
आमच्या लिपीत सरळ रेघ शोधून सापडत नाही,
सगळी पोटं आणि आकडे.
आडव्या मोटरीचं उभीशी जमलं
तरच पोट मिटतं.

चौथ्या अक्षराचं मिटलं नाही.
अर्ध्या मिलिमीटरची फट,
आणि तिथून पुढची अक्षरं
रांगेतून बाहेर काढलेल्या पोरांसारखी, जराशी बाजूला.
पडद्यावर मात्र सगळं बरोबर.
मी पडदा दाखवत राहिलो,
बोंदो पितळेवरून अंगठा फिरवत राहिला.

शाल्वा म्हणाला, द्या हो,
कणीक फुगते, मग कोण बघतंय?
खुशीत घेऊन गेला.
बोंदोने पैसे घेतले नाहीत,
त्या रात्री जेवलाही नाही.

नवी सर्वो, मागे डोळा लावलेली, चीनहून येते.
दोन अक्षांच्या दोन, म्हणजे बोंदोचं
पाच महिन्यांचं पेन्शन.
मावशीने दातांसाठी ठेवलेली पाकीटं
टेबलावर आणून ठेवली.
त्याने ती उचलून
पुन्हा तांदळाच्या डब्यात ठेवली, एक शब्द न बोलता,
आणि टोपी घालून बाहेर पडला.

आला तो दोन वायपर मोटरी घेऊन,
गेलेल्या मिनीबसच्या, पावसाला सरावलेल्या.
ताकद भरपूर, अक्कल नाही, तो म्हणाला.
अक्कल आपण लावू.
अक्कल निघाली जुन्या माउसच्या पोटातून,
तो ज्यात रबरी गोळी असायची,
तिच्याशेजारची चिरा पाडलेली चकती
आणि चकतीआरपार पाहणारा तांबडा दिवा.
एक माउस माझा, एक शाळेतून आणलेला.
चकती दांड्यावर बसवायला तीन रविवार,
कारण आमचा गोंद स्वस्त
आणि बोंदोचे हात आता जरा कापतात.

मग हिशोब जुळवण्याची रात्र.
आकडा वाढवला की मोटर चवताळून थरथरते,
कमी केला की आळसावते.
पहाटे कधीतरी ती गप्प झाली.
बोंदो म्हणाला, ढकल.
मी दांडा धरून ढकलला.
तिने ढकलू दिलं नाही.
जोर लावला तेव्हा केसभर सरकली,
आणि हात सोडताच, चिडल्यासारखी,
परत आपल्या जागेवर.

दुसरा शिक्का झाला. पोटं मिटली.
शाल्वा दोन्ही शिक्के वापरतो,
गिऱ्हाइकांना फरक कळत नाही,
बोंदो मात्र रोज पाव उलटून बघतो.

काल वीज गेली, कामाच्या ऐन मध्यात.
आली तेव्हा मशीनला काहीच आठवत नव्हतं.
सगळे आकडे शून्य, खोटे शून्य.
अशा वेळी तिला हळूहळू मागे न्यावं लागतं,
अगदी हळू, आंधळीला नेतात तसं,
कोपऱ्यातल्या बटणाला टेकेपर्यंत.
बोंदो टोपी काढून उभा राहतो तेवढा वेळ.
मावशीही भांडी घासायची थांबते.

टक्.

चल, तो म्हणतो, सापडलं.
आणि टोपी घालतो.